दुधाची पिशवी परत कोण नेणार?

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



प्लॅस्टिकचा विषय निघाला की चार माणसांत एक तरी हमखास म्हणतो, ‘‘आमच्या वेळी दूध काचेच्या बाटलीत यायचे. ती बाटली परत आणा, निम्मा कचरा कमी होईल.’’ हे म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. गटार तुंबलेले दिसते, उकिरड्यावर गाय पिशव्या चघळताना दिसते, तेव्हा जुनी बाटली आठवणे स्वाभाविक आहे. पण हा प्रश्न आठवणींवर सोडवता येणार नाही. त्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. काच चांगली की प्लॅस्टिक, दूध कशात घ्यावे आणि आपल्यासारख्या साध्या वस्तीत राहणाऱ्या माणसाने नेमके काय करावे, याचा हिशेब आज आपण मांडू.

मी भिवंडीतल्या कामतघरची. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. कामतघर म्हणजे वऱ्हाळा तलावाच्या काठची वस्ती. मूळचे गावकरी आहेत, तेलंगणातून विणकामासाठी आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत, उत्तरेकडून आलेले यंत्रमाग कामगार आहेत. मागांचा खडखडाट दिवसरात्र चालू. रात्रपाळी सुटते तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर दूध उकळत असते. कुणाच्या घरी रोज दोन लिटर लागते, तर एका खोलीत सातआठजण राहणारे कामगार पाव लिटरच्या पिशवीवर सकाळ भागवतात. दुधाच्या वेष्टनाविषयी बोलताना या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवावे लागते. एरवी आपली चर्चा फक्त फ्रिज असलेल्या घरापुरती उरते.

आधी बाटलीची गोष्ट. मुंबईत दुधाचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार बिकट झाला होता. म्हशींचे तबेले शहरातच होते. जागा अपुरी, शेणमुताची घाण, आणि दुधात पाणी घालणे तर नित्याचेच. त्या परिस्थितीत १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना सुरू केली. पुढे १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या हजारो म्हशी तिकडे हलवल्या गेल्या. या कामामागे दारा खुरोडी हे दूध आयुक्त होते. १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीच्या दाट दुधात दुधाची साय काढलेली भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून कमी स्निग्धांशाचे, पण स्वस्त असे ‘टोन्ड’ दूध तयार करण्याची कल्पनाही त्यांचीच. गरिबाच्या मुलालाही दूध मिळावे, हा त्यामागचा हेतू होता.

हे दूध काचेच्या बाटलीतून येई. तोंडावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे झाकण असे आणि झाकणाच्या रंगावरून दुधाचा प्रकार कळे. मुंबईकरांकडे दुधाचे कार्ड असे. पहाटे तारेच्या जाळीच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या घेऊन लोक सरकारी दूध केंद्रावर रांग लावत. अनेक केंद्रांवर कॉलेजात शिकणारी मुले-मुली सकाळचे काम करून शिक्षणाचा खर्च भागवत. रिकामी बाटली दिली की भरलेली मिळे. झाकणे मुले जमवत आणि त्यांच्या माळा करत. पुढे १९८० च्या दशकात पिशवी आली आणि बघता बघता दुधाची बाटली केंद्रावरून दिसेनाशी झाली. सुगंधी दुधापुरती ती पुढेही बराच काळ टिकली. रेल्वे स्टेशनवरचे ‘एनर्जी’ अनेकांना आठवत असेल.

पिशवी का आली? नुसती फॅशन म्हणून नव्हे. बाटलीचे काही खरे त्रास होते.

पहिला त्रास वजनाचा. अर्ध्या लिटरची परत वापरायची जाड बाटली साधारण ४०० ग्रॅम भरते. अर्ध्या लिटरची पिशवी मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर अनेकदा मुलांकडून मोजून घेतली. रिकामी पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास भरते. आता एक टेम्पो हजार लिटर दूध घेऊन निघाला असे समजू. म्हणजे अर्ध्या लिटरचे दोन हजार नग. पिशव्या असतील तर वेष्टनाचे वजन सहा किलो. बाटल्या असतील तर आठशे किलो. शिवाय बाटल्यांचे क्रेट जड, आणि परतीच्या वाटेवर तेच आठशे किलो पुन्हा वाहून न्यायचे. एवढे डिझेल जाळून आपण काच फिरवतो, दूध नव्हे.

दुसरा त्रास धुण्याचा. परत आलेली बाटली नुसती विसळून चालत नाही. तिला गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढावे लागते, मग स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावे लागते. त्याला इंधन लागते, पाणी लागते आणि सोड्याचे सांडपाणी निपटावे लागते. त्यात लोक बाटलीचा उपयोग काय काय करत! कुणी रॉकेल आणी, कुणी रंग ठेवी. अशी बाटली धुऊनही वास सोडत नाही. ती बाजूला काढायला माणूस ठेवावा लागे.

तिसरा त्रास फुटण्याचा. तडा गेलेली बाटली, काचेचा कण आणि लहान मूल, याहून जास्त सांगायला नको.

आणि चौथी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. पांढऱ्या पारदर्शक काचेतून ऊन आरपार जाते. दुधात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व असते. ते प्रकाशात नष्ट होते. दुधाची बाटली दारात उन्हात काही वेळ राहिली तरी हे जीवनसत्त्व कमी होते आणि दुधाला एक वेगळीच, जळकट म्हणावी अशी चव येते. दूध अंधारात आणि गारव्यात ठेवावे, हा नियम काचेलाही लागू आहे.

बाटलीपासून दूर जाणे ही केवळ आपलीच गोष्ट नाही. अमेरिकेत १८८४ च्या सुमारास हर्वे थॅचर नावाच्या गृहस्थाने दुधाची बाटली प्रचारात आणली, तेव्हा ती सुधारणा होती. त्याआधी दूधवाला उघड्या कॅनमधून माप घालत असे. पुढे इंग्लंडात दारावर बाटली ठेवणारा दूधवाला हे तिथल्या जीवनाचे चित्रच झाले. पण तिथेही १९७० च्या दशकात दहापैकी नऊ लिटरहून जास्त दूध काचेत जात असे, ते प्रमाण चाळीस वर्षांत शंभरातल्या चार-पाच लिटरवर आले. कॅनडात १९६७ मध्ये पिशवी आली आणि त्या देशाच्या पूर्व भागात आजही लोक पिशवीतले दूध जगाच्या ठेवणीतल्या जगमध्ये उभे करून वापरतात. तेव्हा पिशवी म्हणजे गरीब देशाची तडजोड, असेही समजू नये.

मग काचेच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. काच दुधाला काही देत नाही आणि दुधाकडून काही घेत नाही. तिला वास नाही, चव नाही. फुटली तरी पुन्हा वितळवून तितकीच चांगली बाटली होते. आत घाण असली तर डोळ्यांना दिसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती परत जाते. एक बाटली वीस वेळा भरली गेली, तर एका खेपेच्या वाट्याला वीस ग्रॅम काच येते. वीस ग्रॅम हे तीन ग्रॅमपेक्षा जास्तच, हे खरे. काच वितळवायला भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. पिशवीचे पॉलिथिलीन सव्वाशे अंशांच्या आतच वितळू लागते. म्हणजे फक्त इंधनाचा हिशेब केला तर पिशवी अनेकदा जिंकते. पण बाटली परत गेली की उकिरड्यावर काहीच पडत नाही. पिशवी तीन ग्रॅमची असली तरी ती परत गेली नाही, तर गटारात, तलावात आणि गाईच्या पोटात जाते. काच आणि पिशवी यांची तुलना करताना हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत. एक हिशेब इंधनाचा, दुसरा कचऱ्याचा. बहुतेक वादविवाद होतात ते एकजण पहिल्या हिशेबाचे बोलतो आणि दुसरा दुसऱ्याचे, म्हणून.

आता हा कचऱ्याचा हिशेब किती मोठा आहे ते पाहू. रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घरात दिवसाला दोन पिशव्या. वर्षाच्या सातशे तीस. वजन सव्वादोन किलोच्या आत. एका घराचे हे काहीच नाही. पण अशी हजार घरे धरली की वर्षाला दोन टनांहून जास्त प्लॅस्टिक झाले, आणि कामतघरात घरे हजारांनी आहेत. राज्याचा आकडा २०१९ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी विधानसभेत सांगितला होता. राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांतून रोज ३१ टन प्लॅस्टिक कचरा होतो, असा तो आकडा होता. भागाकार करून पाहिला तर पिशवीमागे तीन ग्रॅमच येतात. म्हणजे आमच्या शाळेचा तराजू आणि सरकारचा आकडा यांचे जुळते.

प्लॅस्टिकने काय होते, हे २६ जुलै २००५ ला सगळ्यांनी पाहिले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसात कुठलेही गटार अपुरे पडले असते, हे मान्य. पण तुंबलेल्या नाल्यांनी संकट वाढवले आणि त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर नियम आणले. भिवंडीला तर कामवारी नदीच्या पुराचा अनुभव पावसाळ्यात अनेकदा येतो. सखल वस्तीत घरात पाणी शिरते तेव्हा त्या पाण्याबरोबर काय काय वाहत येते, ते चिखल उपसणाऱ्या बाईला विचारावे.

त्यातल्या त्यात एक गोष्ट बजावून सांगायला हवी. दुधाची पिशवी आणि भाजीची पातळ पिशवी यांना एकाच मापाने मोजू नका. भाजीची पातळ पिशवी कुणी उचलत नाही, कारण तिला वजन नाही, किंमत नाही. दुधाची पिशवी जाड असते, चांगल्या प्रतीच्या पॉलिथिलीनची असते आणि भंगारवाला ती किलोवर विकत घेतो. तीनशे-साडेतीनशे पिशव्यांचा एक किलो होतो. त्या वितळवून त्यांचे दाणे करतात आणि दाण्यांपासून पाइप, काळे ताडपत्रीसारखे कापड, बादल्या असे जिन्नस होतात. कामतघरातल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षे पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, गठ्ठा बांधून विकतात. मागाच्या कमाईवर घर चालवताना आलेल्या त्या चार पैशांची मिठाची पुडी येते. पर्यावरण हा शब्द त्यांच्या बोलण्यात नसतो, पण काम तेच असते.

मग गटारात दिसतात त्या पिशव्या कुणाच्या? टपरीवाल्यांच्या, खानावळींच्या, खोलीत एकट्याने राहणाऱ्या कामगारांच्या. ज्याला रात्रपाळी करून झोपायचे आहे, ज्याच्या खोलीत धुऊन वाळत घालायला दोरी नाही आणि नळाला पाणी दिवसाआड येते, तो पिशवी धुऊन साठवेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याच्यासाठी व्यवस्था दुसऱ्या कुणीतरी करायला हवी.

ती व्यवस्था कागदावर आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. तीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण अटींवर. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी, तिच्यावर पुनर्खरेदीची किंमत छापलेली हवी, आणि ती परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादक आणि विक्रेते यांनी करायला हवी. ही किंमत पन्नास पैसे ठरली. त्याआधी २०१६ च्या केंद्राच्या नियमांनीही वेष्टन बाजारात आणणाऱ्यावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली होती. म्हणजे कायद्याने प्रश्न ओळखला होता आणि उत्तरही बरोबर दिले होते. बाटलीच्या काळात जे अनामत रकमेने होत असे, तेच पिशवीसाठी पन्नास पैशांनी करायचे होते.

प्रत्यक्षात काय झाले? आमच्या गल्लीतल्या दूधवाल्या दुकानदाराला मी विचारले. तो म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही पिशवी आणाल, मी पन्नास पैसे देईन. पण मला कोण देणार? टेम्पोवाला सकाळी येतो, भरलेले क्रेट उतरवतो, रिकामे क्रेट नेतो. पिशवी नेत नाही. आणि आजकाल पन्नास पैशांचे नाणे तरी कुठे आहे?’’ त्याचे म्हणणे रास्त होते. शेवटच्या माणसावर जबाबदारी टाकायची आणि त्याच्या पाठीशी कुणी उभे राहायचे नाही, असे केले की चांगली योजनाही दुकानाच्या फळीवर पडून राहते.

पण त्याच्या बोलण्यातच एक उत्तर दडलेले आहे, तिकडे लक्ष वेधते. टेम्पो रिकामे क्रेट रोज परत नेतो. म्हणजे परतीची वाट अस्तित्वात आहे. दूध दूरवरून येते. कोल्हापूर, सांगली, नगर, नाशिक इथून टँकरने शहराजवळच्या डेअरीत येते आणि तिथे पिशवीत भरले जाते. तिथून निघालेला टेम्पो कामतघरात येतो आणि रिकामा परत जातो. त्या टेम्पोत रिकाम्या पिशव्यांचे एक वेगळे पोते टाकायला जागा लागते तरी किती? दोन हजार पिशव्यांचे वजन सहा किलो, हे मघाशी आपण पाहिलेच. दुधाच्या क्रेटमध्ये मळक्या पिशव्या टाकू नयेत, ते आरोग्याला धरून नाही. पण तोंड बांधलेले पोते बाजूला ठेवता येईल. बाटली परत नेण्यासाठी आठशे किलोचा बोजा वाहावा लागे, तिथे पिशवीसाठी सहा किलो. काचेचा जो खरा गुण होता, परत जाण्याचा, तो पिशवीला इतक्या स्वस्तात देता येतो. मग तो का देऊ नये?

पन्नास पैशांच्या नाण्याचाही मार्ग निघेल. दहा पिशव्या दिल्या की महिन्याच्या बिलातून पाच रुपये वजा. ज्याचे बिल नाही, रोज रोख घेतो, त्याला वीस पिशव्यांवर दहा रुपये. टपरीवाल्याकडे तर रोज वीस-पंचवीस पिशव्या सहज होतात. त्याला आपोआपच गोडी लागेल. मात्र हे पैसे दुकानदाराच्या खिशातून जाऊ नयेत. ते डेअरीकडून यायला हवेत, कारण पिशवी तिची आहे.

श्रोतेहो, पिशवीचा आणखी एक धोका आहे, तो भेसळीचा. पिशवीचा कोपरा कापून थोडे दूध काढायचे, तेवढेच पाणी घालायचे आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर कोपरा पुन्हा चिकटवायचा, असे करणाऱ्या टोळ्या मुंबई परिसरात अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. काही ठिकाणी नामांकित दुधाच्या रिकाम्या पिशव्या जमवून त्यांत दुसरेच दूध भरलेले सापडले. म्हणून पिशवी हातात घेतली की कोपरे आणि शिवण पाहा. शिवण सरळ आणि एकसारखी असते. कुठे वितळल्यासारखी, सुरकुतलेली किंवा दुहेरी वाटली तर ती पिशवी परत करा.

रिकामी पिशवी कापण्याची रीतही यावरूनच ठरते. आपण कात्रीने कोपऱ्याचा लहानसा त्रिकोण कापतो आणि तो ओट्यावर टाकतो. तो तुकडा इतका लहान असतो की कचरा वेचणारीच्या हाताला लागत नाही, भंगारात जात नाही, थेट मोरीतून गटारात जातो. रोजच्या एक कोटी पिशव्यांचे एक कोटी तुकडे! तेव्हा तुकडा वेगळा करू नका. काप अर्धवट द्या, कोपरा पिशवीलाच लटकत राहू द्या. दूध काढून झाले की पिशवीला वरून लांब आडवा काप द्या आणि ती उघडून थोड्या पाण्यात विसळा. ते पाणी तुळशीला घाला किंवा चहात टाका. आडवा काप दिलेली पिशवी भेसळवाल्याच्या उपयोगाची राहत नाही, पण भंगारवाल्याला चालते. वाळवायला जागा नसेल तर खिडकीच्या गजाला कपड्याच्या चिमट्याने अडकवा. तासाभरात वाळते. ओली पिशवी साठवली तर आंबट वास येतो आणि मग सगळा गठ्ठा फेकावासा वाटतो.

आता आरोग्याचा प्रश्न. पिशवीतले दूध विषारी असते का, असे पालक मला विचारत. अन्नासाठीचे पॉलिथिलीन कसे असावे याचे भारतीय मानक आहे आणि गार दूध दोन दिवस त्यात राहिल्याने घाबरण्याचे कारण नाही. काळजी करायची तर दुसऱ्या गोष्टीची करा. आमच्याकडे मागावरच्या कामगारांसाठी उकळता चहा पातळ पिशवीत भरून, दोऱ्याने बांधून नेतात. उष्णता आणि प्लॅस्टिक यांची गाठ पडली की प्लॅस्टिकमधले घटक पदार्थात उतरण्याची शक्यता वाढते. ती पिशवी दुधाच्या पिशवीसारखी अन्नासाठी बनवलेली असतेच असे नाही. दुधाच्या पिशवीविषयी लेख लिहिणारे आपण, त्या चहाकडे मात्र पाहत नाही. चहासाठी स्टीलची किटली न्यावी. मागमालकाने प्रत्येक शेडमध्ये एक किटली आणि सहा पेले ठेवले तर खर्च किती येईल? आणि घरी पिशवी गोठली म्हणून गरम पाण्यात बुडवू नका, तापत्या भांड्याजवळ ठेवू नका.

तर मग काच पूर्णपणे मोडीत काढायची का? तसेही नाही. ग्राहक जवळ असेल, रोज तोच माणूस तीच घरे करत असेल आणि बाटली हमखास परत येत असेल, तिथे काच शोभते आणि परवडते. मुंबई-पुण्यात काही खासगी गोठे पुन्हा बाटलीतून दूध पोहोचवू लागले आहेत. त्यांचा दर पिशवीच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण सक्तीने सगळीकडे बाटली आणली तर तिचा खर्च दुधाच्या दरात मिसळेल, आणि पाव लिटर घेणारा कामगार दूधच कमी करील. त्याच्या मुलाच्या कपातले दूध कमी करून गटार स्वच्छ करणे, हा न्याय नव्हे. टोन्ड दूध काढणाऱ्यांनी ज्याला डोळ्यांसमोर ठेवले होते, त्यालाच आपण विसरू.

आणि एक तिसरा मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. भिवंडीच्या आसपास अजून तबेले आहेत. तिथून सुटे दूध आणणारे स्वतःची बरणी घेऊन जातात. ना काच, ना प्लॅस्टिक. त्या दुधाची स्वच्छता आणि माप यांवर लक्ष ठेवावे लागते, ते न चुकता उकळावे लागते, ही अट आहे. दिल्लीत १९७४ पासून मदर डेअरीने यंत्रातून सुटे दूध विकण्याची पद्धत सुरू केली. टोकन टाकायचे, खाली भांडे धरायचे. पाश्चराइज केलेले दूध स्वतःच्या भांड्यात! अशी यंत्रे दाट वस्तीत, जिथे एका चौकात हजार माणसे दूध घेतात, तिथे सोयीची ठरतील. कामतघरात किंवा पद्मानगरात असे एखादे यंत्र बसवून पाहावे, अशी माझी डेअऱ्यांना आणि महापालिकेला विनंती आहे.

शेवटी थोडक्यात सांगते. घरातल्या बाईने आणि भाऊंनी एवढे करावे. कोपरा तोडून टाकू नये. पिशवी विसळून, वाळवून साठवावी. जी पिशवी धुऊन दिली जाते ती कचरा वेचणाऱ्या मावशीचे हात आणि पाठ दोन्ही वाचवते. वस्तीतल्या महिला मंडळांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी चौकात एक पोते टांगावे आणि टपरीवाल्यांना ते दाखवावे. वऱ्हाळा तलावात आपण गणपती विसर्जित करतो आणि शहराच्या पाणीपुरवठ्यात याच तलावाचा वाटा राहिला आहे. त्याच्या काठावर पोते टांगायला मुहूर्त लागत नाही.

आणि दुकानदाराला, टेम्पोवाल्याला, डेअरीला एक प्रश्न रोज विचारावा. रागाने नको, पण विचारावा. पिशवीवर पुनर्खरेदीची किंमत छापली आहे, मग ती पिशवी परत कोण नेणार? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर दुकानदार टेम्पोवाल्याला विचारील. दहा दुकानदारांनी विचारले तर टेम्पोवाला डेअरीत विचारील. बाटलीच्या काळात हा प्रश्न विचारावा लागत नव्हता, कारण रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळतच नव्हती. तेवढी एक शिस्त पिशवीला लावून घेता आली, तर काचेची आठवण काढून हळहळण्याची गरज उरणार नाही.